बंद पंखा

मी पिशवीतून रेकॉर्डर काढला, तशा शोभामावशी उठल्या आणि त्यांनी न सांगता पंखा बंद केला. पत्र्याची खोली, भर दुपार. "आवाज येतो ना त्यात," म्हणाल्या. माझ्याआधी किती जण मुलाखत घ्यायला येऊन गेले असतील, ते त्या एका बटणावरून कळलं. आपलं दुःख कसं सांगितलं की आमच्या कामाचं होतं, हे आम्ही संशोधकांनीच त्यांना शिकवलंय.

त्यांचा नवरा गटार साफ करायला उतरला आणि आतच गुदमरून गेला. सांगता सांगता त्या रडल्या. मीही डोळे पुसले. पुसताना दिसलं, रेकॉर्डर चालूच केला नव्हता.

"मावशी, पुन्हा एकदा सांगाल?"

त्यांनी पदराने मानेवरचा घाम टिपला. "रडायच्या आधीपासून सांगू का?"

"हो," मी म्हणाले.

वरच्या जातीतली, पगारदार मी त्यांच्याकडे कुठे उभी राहून पाहते, यावर माझ्या प्रबंधात अख्खं प्रकरण आहे. फार प्रामाणिक आहे, असं सगळे म्हणतात. ही चूक त्यात नाही. दुसऱ्यांदाचं रडणं तेवढं घेतलंय. आवाज अगदी स्वच्छ आलाय. पंखा बंद होता ना.