वेंगुर्ल्याचा समुद्र आणि फोनवरचा अण्णा

"मासं खायाला जाऊया की!" नवरा दर शनिवारी म्हणतो आणि रविवारी आम्ही शिवाजी पेठेतच तांबडा-पांढरा ओरपतो. या फेब्रुवारीत मात्र खरंच निघालो. निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, वेंगुर्ला. नाश्ता धरून पाच तास. आंबोलीचा घाट सावकाश उतरा. सुनंदावैनींच्या घरी खोली पंधराशे, माशांचं ताट वेगळं.

ताट कुठलं! वैनींच्या दारात गर्दी. त्यांचा नवरा आदल्या दिवशी होडी घेऊन गेलेला, परतलाच नव्हता. आम्ही वैनींना गाडीत घातलं आणि थेट मत्स्यखात्याचं ऑफिस गाठलं.

मला वाटलं, साहेब आधी अर्ज लिहायला लावणार. पण साहेबांच्या एका कानाला गोव्याचं ऑफिस, दुसऱ्या कानाला कर्नाटकचं. "वारा उत्तरेचा आहे. इंजिन बंद पडलं असेल तर होडी गोव्याच्या पाण्यात गेली असणार. आमच्या तिघांचं ठरलंय, आधी माणूस, मग हद्द." भिंतीवरच्या नकाशात निळंच निळं. "साहेब, पाण्यात हद्दीला खूण काय?" मी विचारलं. "काही नाही." अगं बाई! एवढा अफाट समुद्र, आणि त्यात एक होडी शोधायला तीन ऑफिसं फोन धरून बसलेली. माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात कर्नाटकच्या एका ट्रॉलरच्या तांडेलाचा, म्हणजे कप्तानाचा, फोन जोडून मिळाला. तो कन्नडच बोलणार. माझं आजोळ सीमेवरचं, म्हणून फोन माझ्या हातात आला.

"होडी दिसली का, अण्णा?"

"दिसली." पण कुठे, ते सांगेना. मग माझ्या लक्षात आलं, हा स्वतःच दुसऱ्याच्या हद्दीत मासे मारत होता. जागा सांगितली की दंड!

"आज दंड नाही म्हणावं," साहेब म्हणाले. मी सांगितलं. तरी त्याचे आढेवेढे चालूच.

वैनींनी फोन ओढून घेतला. गेल्याच महिन्यात या ट्रॉलरवाल्यांविरुद्धच्या मोर्चात ही बाई सगळ्यांत पुढे होती. "अण्णा," त्या म्हणाल्या, "माझो घोव आसा रे त्या होडयेत."

ते वाक्य मला कन्नडमध्ये सांगावं लागलं नाही. त्यानं जागा सांगितली, आणि गोव्याची गस्तीची बोट पोचेपर्यंत होडी दोरानं बांधून ठेवली. संध्याकाळी वैनींचा नवरा बंदरात उतरला तेव्हा माझा एरवी तोंडाळ नवरा ढसाढसा रडला. सुरमईचं ताट दुसऱ्या दिवशी मिळालं. वैनींनी पैसे घेतले नाहीत, पण तुम्ही द्या.

घरी आल्यापासून पंचगंगेच्या घाटावर गेले की वाटतं, हेही पाणी हद्द न विचारताच पुढच्या राज्यात जातं. पुरात धरणाचं पाणी सोडत नाहीत म्हणून आम्ही शेजारच्या राज्याला शिव्या घालतो. त्या वेळीही असंच कुणीतरी फोनला चिकटून बसलेलं असणार.

परवा वैनींचा फोन आला. ट्रॉलर पुन्हा आत घुसलेत, सोमवारी मोर्चा.

"आणि अण्णा?" मी विचारलं.

"तेका सांगलंय मी," वैनी ठसक्यात म्हणाल्या, "मासे मारूक येव नको. जेवूक ये."