मॅडमकडची तिसरी जागा

इंग्रजी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि ते काही खाण्यापिण्यानं नव्हतं. वर्गात नवी पोरगी आली होती, दुसऱ्या कॉलेजातून. मॅडमनी सगळ्यांना आपापली ओळख करून द्यायला लावली. आम्ही बाकीचे पाठ केलेली चार इंग्रजी वाक्यं म्हणून खाली बसलो. ती उभी राहिली आणि नुसती बोलली, घरी बोलावं तसं. मध्येच थांबली, हसली, पुन्हा बोलली. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. माझ्या वेळेला ठेवलं नव्हतं.

कॉन्व्हेंटची असती तर मी सोडून दिलं असतं. पण ही बजाजनगरची. वडील कंपनीत शिफ्टला, शाळा मराठी, माझ्यासारखीच. मी कन्नड तालुक्यातली, इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचून वाचून घसा बसवून घेतलेली. हिला कसं काय येतं म्हणून विचारलं, तर म्हणाली, भावाबरोबर सिनेमे बघत बघत आलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट असतो आणि एकेका शिक्षकाकडं ठरावीकच मुलं. मॅडमकडं तीन. त्यातल्या दोन जागा भरलेल्या. त्यांच्या हाताखाली काम केलेली पोरं पुढं पीएच.डी.ला लागतात, हे सगळ्या डिपार्टमेंटला माहीत होतं. घरी माझ्यासाठी स्थळं बघायचं चाललं होतं, आणि वडील थांबतील असं पीएच.डी. हे एकच कारण होतं. ती तिसरी जागा मला पाहिजेच होती.

बुधवारी सकाळी मॅडमचा मला फोन आला, कारण वर्गाच्या ग्रुपची ॲडमिन मी. ज्यांना माझ्याकडं यायचंय त्यांनी उद्या चारपर्यंत विषयावर एक पान लिहून द्या, सगळ्यांना कळव, म्हणाल्या. मी लगेच मेसेज टाकला. नवी ग्रुपमध्ये नव्हती. तिचा नंबर माझ्याकडं आठ दिवस पडून होता, आज ॲड करते, उद्या करते, असं करत मी तो ठेवला होता. दुपारी कँटीनमध्ये आम्ही एकाच टेबलावर जेवलो. तिनं डब्यातली शेंगदाण्याची चटणी मला वाढली. मी ती चाटूनपुसून खाल्ली आणि एका शब्दानं बोलले नाही.

गुरुवारी पान दिलं ते मी एकटीनंच. बाकीचे मॅडमना घाबरायचे, लई लिहायला लावतात म्हणून. मॅडमनी वाचलं, मान हलवली आणि विचारलं, "ती नवी नाही आली? तिला सांगितलंस ना?"

"हो मॅडम, सांगितलं."

शुक्रवारी तिला कळलं. मला पायऱ्यांवर गाठून म्हणाली, कॉलेज बदललं ते मॅडमसाठीच. मॅडमचा निरोप रात्री आला, तुझा फोन लागत नव्हता, असं मी ठोकून दिलं. भांडायच्या तयारीनंच उभी होते. तर म्हणते कशी, व्हय, आमच्या गल्लीत रेंजच नसती. माझी सबब तिनंच पक्की करून दिली. मग जरा थांबून म्हणाली, "मॅडम तुला जे सांगतील ते मला पण सांगत जाशील?"

नाही कसं म्हणणार? दर मंगळवारी मॅडमकडून निघाले की आम्ही लिंबाखाली बसायचो. माझं काम एका कादंबरीवर होतं, त्यातली नायिका पानंच्या पानं पत्रं लिहिते. एकदा सगळं ऐकून घेऊन तिनं विचारलं, "ही सगळी पत्रं नेऊन देते ती मोलकरीण. तिला वाचता येतं का?"

मी महिनाभर ते पुस्तक उलटंपालटं करत होते आणि मोलकरीण माझ्या ध्यानातसुद्धा आली नव्हती. मी जळले. एवढं तर मी तिच्या इंग्रजीवरही जळले नव्हते.

पुढच्या मंगळवारी तोच प्रश्न मी मॅडमपुढं ठेवला. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "सगळं काम यावरच कर. हे तुझं तुला सुचलं?"

"हो मॅडम."

खाली लिंबाखाली ती थांबलेलीच होती. काय म्हणाल्या, म्हणून विचारलं. मी म्हटलं, विशेष काही नाही. तिचं तोंड उतरलं.

"मग तो प्रश्न सोडून दे," ती म्हणाली. "माझ्या नादानं तुझं काम बिघडायला नको."