दरीतली भैरवी

गळ्यातली गाठ काढायच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाजावर परिणाम होऊ शकतो. तसा तो झाला. गाठ साधी निघाली, जिवाचा धोका टळला, घरच्यांनी पेढे वाटले. माझ्या घशातून मात्र नुसती खरखर यायची. कर्वेनगरातल्या आमच्या बायकांच्या भजनी मंडळात इतकी वर्षं मी मुख्य गाणारी. पोथ्या, उपास, सोवळंओवळं यात मी कधी रमले नाही. दर गुरुवारी दत्तमहाराजांसमोर बसून गायचं, एवढीच माझी पूजा. म्हणून एकदा महाराजांना सरळच विचारलं, मला दुसरं काही येत नाही हे ठाऊक असून नेमकं तेच का काढून घेतलंत? उत्तर आलं नाही. मी गुरुवारी जाऊन बसत राहिले, पण मनानं केव्हाच उठून गेले होते.

मंडळानं मला सांभाळून घेतलं, तेच जास्त टोचायचं. हातात टाळ दिला. वृंदा माझ्या जागी गाऊ लागली आणि तिच्यासाठी पट्टीही खाली उतरवली. पावसाळी सहलीनंतर मंडळ सोडायचं असं मी ठरवलं आणि ते फक्त कुसुमला सांगितलं. कुसुम आमची पेटीवाली, माझी जिवाभावाची मैत्रीण. तिनं मान वर न करता उत्तर दिलं, "सोड की. मीही पेटी विकते आणि मटार सोलत बसते." पुढे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

श्रावण सरता सरता आम्ही पाचजणी ताम्हिणीकडे दोन दिवस राहायला गेलो. ज्यांच्या घरी उतरलो ते राजारामभाऊ सकाळी आमच्याबरोबर निघाले. दरीच्या कडेकडेनं रमतगमत जायचं, पुढच्या देवराईतल्या देवीपुढे दोन भजनं म्हणायची आणि जेवायला परत यायचं, असा साधा बेत होता. पेटी घरीच ठेवली, टाळ पिशवीत घेतले. वाट सपाट होती. उजवीकडे खाली नदी, डावीकडे डोंगर, आणि जिथे नजर जाईल तिथे तेरड्याची गुलाबी फुलं. कुसुमला फुलं दिसली की तिचं भान हरपतं. सोसायटीत पहाटे लोकांच्या कुंपणावरची फुलं तोडण्याबद्दल तिनं सगळ्यांची बोलणी खाल्ली आहेत. इथे तर कुणाचं कुंपणच नव्हतं. देवीला वाहायला म्हणून ती सारखी मागे रेंगाळत होती आणि वृंदा तिला हाका मारून दमली होती.

तेवढ्यात धुकं उतरलं. ते येताना दिसलंसुद्धा नाही. आत्ता समोर डोंगर होता आणि आत्ता माझा पसरलेला हातही मला दिसेना. आम्ही एकमेकींचे पदर, ओढण्या धरून उभ्या राहिलो. कोण कोण आहे ते बघितलं, तर कुसुम नव्हती.

"कुणी जागचं हलायचं न्हाय," राजारामभाऊ म्हणाले. "नदीच्या अंगाला सरळ कडा हाय." आणि वाट चाचपत ते मागे गेले. फोनला रेंज नव्हती. आम्ही ओरडलो, पण खालच्या पाण्याचा आवाज एवढा होता की हाका जागच्या जागी विरत होत्या. एरवी कुणाचं न ऐकणारी वृंदा रडायला लागली. "तिला लांबचं धड दिसत नाही गं. चष्म्यावर तर पाणीच असेल."

मी छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेऊन "कुसुम" म्हणून ओरडले. शेजारी उभ्या असलेल्या वृंदालाही ते ऐकू गेलं नाही. त्या क्षणी मला जेवढा राग आला तेवढा ऑपरेशननंतरही आला नव्हता. ज्या आवाजानं सबंध सभागृह भरून जायचं, तो आज एका हाकेपुरताही नव्हता. मग काहीच सुचेना म्हणून मी पिशवीतून टाळ काढला आणि वाजवायला लागले.

हात आपोआप आमच्या भैरवीच्या ठेक्यात पडले. भजन संपताना आम्ही एक ठरलेली भैरवी म्हणतो, मग प्रसाद. शेवटाचं गाणं त्या वेळी का सुचलं, मनात काय येऊन गेलं होतं, ते लिहायलाही नको वाटतं. मी डोळे मिटले. ओठ शब्दांबरोबर हलत होते, आवाज काहीच नव्हता. आणि मनातून एवढंच म्हटलं, महाराज, आवाज तुमच्याकडेच राहू द्या. मी पुन्हा मागणार नाही. माझी कुसुम मला द्या. शेवटच्या कडव्यात हुंदका आला आणि ओठही थांबले.

"एवढी काय घाई झाली होती गं तुम्हाला?"

धुक्यातून कुसुम आली. केस विस्कटलेले, साडी पोटरीपर्यंत चिखलात, हातात फुलांची पिशवी. वृंदानं तिला मिठीच मारली, तरी ती आपली चिडलेलीच. "मला सोडून भैरवी सुरू केलीत! म्हटलं, आता या प्रसाद वाटून मोकळ्या होणार. धावत आले." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू! आवाज परत आला हे मला सांगायला काय झालं होतं? शेवटच्या कडव्यात मात्र पुन्हा श्वास तोडलास. किती वर्षं सांगतेय मी."

वृंदा माझ्या हातातल्या टाळाकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "कुसुम, ती गात नव्हती. टाळ वाजवत होती."

"टाळ? टाळ कुठे होता? टाळ नव्हताच," कुसुम म्हणाली.

राजारामभाऊ परतले तेव्हा धुकं विरळ होत होतं. कुसुमची पावलं चिखलात स्पष्ट उमटली होती. ती वाटेवरून आली नव्हती, नदीच्या बाजूनं आली होती. भाऊ त्या पावलांच्या मागावर थोडं गेले आणि थबकले. "ताई, हितनं मागं वळला तुम्ही? ह्याच्या म्होरं जमीन न्हाय." आम्ही जवळ गेलो. धुकं फाटत गेलं आणि सगळी दरी खालपर्यंत उघडी झाली. इतकं हिरवं, इतकं खोल मी काही पाहिलं नव्हतं. तळाशी पाणी पांढरंशुभ्र उसळत होतं. पाण्याच्या आवाजाच्या अंगालाच वाट असेल असं समजून कुसुम तिकडे चालली होती, आणि गाणं तिला पाठीमागून ऐकू आलं होतं. तिनं माझा हात धरला आणि देवराई येईपर्यंत सोडला नाही.

देवीपुढे तेरडा वाहिला. मी काही मागितलं नाही. अंगावर काटा होता आणि डोळ्यांना धार.

हे कसं झालं, मला माहीत नाही. कुणी म्हणेल, भीतीनं भास झाला असेल. असेलही, मी वाद घालत नाही. पण मी हुंदक्यानं जिथे थांबले, तिथेच तिला श्वास तुटलेला ऐकू आला. आवाज तुमच्याकडेच राहू द्या, असं मी म्हटलं होतं. ज्याच्याकडे तो राहिला, त्यानं तो कुठे वापरायचा हे माझ्यापेक्षा चांगलं जाणलं. जे गेलं ते वाया गेलं, असं आता मला वाटत नाही.

मी मंडळ सोडलं नाही. घसा अजून तसाच आहे. गुरुवारी सगळी भजनं वृंदाच्या पट्टीत होतात, पण भैरवी आली की कुसुम कुणाला न विचारता पेटीवर माझी जुनी पट्टी धरते. बायकांचे आवाज फाटतात. वृंदा दर वेळी कुरकुरते, "अगं, एवढ्या वरच्या पट्टीत गाणारं इथे कोण आहे?"

कुसुम भाता हलवत माझ्या मिटलेल्या ओठांकडे बघते आणि म्हणते, "आहे. तुम्ही जरा हळू म्हणा, म्हणजे ऐकू येईल."