केरबाची झोप आणि बिनपुठ्ठ्याचं पुस्तक

तिसऱ्यांदा मार बसला तेव्हा बानाबाईचा दात पडला.

तिचा नवरा केरबा चिकलठाण्याच्या कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन. सकाळी येऊन झोपायचा, आणि दहाच्या सुमाराला एकदम हाणामारी सुरू. लाथा, बुक्क्या, हाताला लागेल ते. एकदा तर उशाची काठीच तिच्या दंडावर बसली. जागा झाला की त्याला काही ठाऊक नसायचं. लांडगा मेंढरात शिरला होता, एवढंच सांगायचा. मेंढरं विकून वीस वर्षं झाली होती. बायकोचा सुजलेला जबडा बघून तोच रडायचा. पण मुकुंदवाडीतल्या त्यांच्या गल्लीला मार ऐकू जायचा, रडणं नाही.

बानाबाई चौथी शिकलेली, रद्दीच्या दुकानात कागद निवडायची. खंडोबाचा भंडारा नवऱ्याच्या कपाळी रोज लावत होतीच. पण एवढी पुस्तकं हाताखालून जातात, त्यात देवानं झोपेचं एखादं ठेवलं असेलच, असं तिला वाटलं. पहिलं मिळालं ते स्वप्नफळाचं. लांडगा मारला तर शत्रूवर जय. "म्हंजी शत्रू मीच व्हय," म्हणत तिनं ते रद्दीच्या काट्यावर टाकलं. दुसऱ्यात सात दिवसांत गाढ झोप आणि सगळ्या वेदना गायब. आठव्या दिवशी जबडा तसाच ठणकत होता.

रद्दी द्यायला येणाऱ्या लक्ष्मीबाई जुन्या नर्स. त्यांनी पुस्तक पारखायचं कसं ते सांगितलं. जे सगळंच बरं करीन म्हणतं ते टाक. ज्यात मधूनमधून 'हे अजून कळलेलं नाही' असं कबूल केलंय, ते घरी ने.

तसं एक निघालं, मेंदूवरचं, पुठ्ठा फाडलेलं. बोट ठेवून वाचता वाचता ती एका पानावर थांबली. स्वप्न पडताना मेंदू अंग बांधून ठेवतो. काहींचा हा बांध सुटतो, आणि माणूस स्वप्नातली मारामारी खरीच करतो. तिनं त्याच दिवशी उशाची काठी उचलून छपरावर टाकली.

दुसऱ्या सकाळी तिचा धाकटा भाऊ सोनाजी येऊन थडकला. पडलेल्या दाताची बातमी गावापर्यंत गेली होती. ड्यूटीवरून आलेल्या केरबाला त्यानं दारातच लोळवलं. गावाहून आणलेली काठी पाठीवर तीनदा उतरली, कातडी फुटली. केरबानं हात उचलला नाही.

"मारा पाव्हणं. मी मारतो म्हणत्यात, तर मारत असंल."

बानाबाईनं पुस्तक पुढं धरलं. सोनाजीनं ते झिडकारलं. "गाठोडं बांध आक्का. ह्याचे दोन्ही हात मोडतो अन् तुला घिऊन जातो."

"त्याला निजू दे," ती म्हणाली. "निजल्यावर बघ. मग मोड."

रात्रभर उभा राहिलेला माणूस, मार खाऊनही झोपला. सोनाजी काठी मांडीवर घेऊन शेजारी बसला. दहा वाजून गेले आणि केरबा पाय झाडू लागला. उठवायला म्हणून सोनाजी वाकला, तोच बुक्की थेट नाकावर. हाड वाजलं. पुढच्या क्षणाला केरबाचे दोन्ही हात त्याच्या नरड्याला. डोळे मिटलेले. सोनाजीचा चेहरा काळानिळा पडला, काठी हातात असून उचलता येईना. बानाबाईनं लांबूनच नवऱ्याला नावानं हाका मारल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

केरबानं डोळे उघडले. पाव्हण्याच्या सदऱ्यावरचं रक्त बघून तो घाबरून उठला.

"सोनाजी, कुणी मारलं रं तुला?"

सोनाजी खोकत भिंतीला टेकला. मग त्यानं नाकावरचा रुमाल जरासा बाजूला केला.

"आक्का, औषधाचं काय लिवलंय, ते वाच."