डबक्याच्या टेबलावरचे दादा

आमच्या विज्ञान संग्रहालयात पृथ्वीवर जीव कसा आला हे सांगणारी तीन टेबलं आहेत. एकावर काचेच्या गोळ्यात वीज कडाडते, दुसऱ्यावर समुद्रतळाच्या गरम झऱ्यातून वाफा निघतात, आणि तिसऱ्यावर नुसतं डबकं. पहिल्या दोन टेबलांवर प्रयोग दाखवणारी पोरं आपापल्या सिद्धान्तासाठी अशी भांडतात, जणू काही जीव त्यांच्याच घरी जन्माला आला! डबक्यावर दादा. ते कधीच भांडले नाहीत. "कोण बरोबर ते अजून कुणालाच ठाऊक नाही," एवढंच म्हणायचे. माझी तिकीट खिडकी दालनाच्या दारालाच लागून, त्यामुळे मला सगळ्यांचं सगळं पाठ.

दादांचा प्रयोग असा. काचपट्टीवर साबणाच्या जातीतला एक स्निग्ध पदार्थ दिव्याखाली वाळवायचा आणि वर पाण्याचा थेंब सोडायचा. मग पडद्यावर दिसतं, त्या वाळलेल्या थरातून इवले फुगे उठतात, लांबतात, एखाद्याचे दोन होतात. उन्हाने आटणाऱ्या आणि पुन्हा भरणाऱ्या डबक्यांत पहिल्या पेशीची पिशवी अशीच झाली असावी, असं काही शास्त्रज्ञ मानतात. मुलं हमखास ओरडतात, "जिवंत आहे!" आणि दादा हमखास म्हणतात, "नाही. हलतंय, वाढतंय, पण जिवंत नाही." हे वाक्य चुकवायचं नाही, असा आमच्या संचालिका बाईंचा सक्त हुकूम.

मग एके दिवशी वहिनी, म्हणजे दादांची बायको, स्वयंपाकघरात कोसळल्या. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, पुन्हा केल्या आणि सांगितलं की मेंदू गेला, आता श्वास आहे तो यंत्राचा. यंत्र थांबवायला घरच्यांचा होकार हवा. लेक हटून बसली, आईची छाती हलतेय, हात गरम आहे, मी नाही हो म्हणणार. आणि दादा? दादा कामावर आले. हातात डबा, अंगात इस्त्रीचा शर्ट. रडणं नाही, बोलणं नाही. मला बघवेना.

"अहो, माणूस आहात की कोण? दवाखान्यात जा, निदान एकदा ओरडा तरी!"

"शाळा आली आहे," ते म्हणाले आणि दिवा लावायला गेले.

फुगे उठले, मुलांनी गलका केला. पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं, "काका, जिवंत आहे ना?" दादा पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो."

मुलांनी टाळ्या पिटल्या. शाळा बाहेर पडली तशा संचालिका बाई तरातरा आल्या. "इतकी वर्षं काम करताय आणि नेमकं हेच चुकता? एवढ्या मुलांच्या डोक्यात भलतंच भरलंत!" माझं डोकंच फिरलं. खिडकी धाडकन लावून मी बाहेर आले आणि त्यांना वहिनींचं सगळं सांगितलं, जरा चढ्याच आवाजात. त्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं.

दादा हात पुसत होते. "त्यांचं बरोबर आहे, चुकलंच माझं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, काल लेकीनं विचारलं, आई जिवंत आहे ना? रोजचं उत्तर तोंडाशी आलं होतं, गिळलं. मला काही होतच नाहीये हो. तिच्या हाताला हात लावतो, तरी काही वाटत नाही. अशा माणसानं पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं?"

"मग कुणी सांगायचं, मी?" मी ओरडलेच, आणि रडूही मलाच फुटलं. "ती बिचारी एकटी सगळ्यांशी भांडतेय, दादा. तुम्ही इथे फुगे काढत बसलाय!"

त्यांनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. मग त्यांनी दिवा विझवला. मी दवाखान्यापर्यंत सोबत गेले.

लेक पलंगाशी बसून आईच्या केसांतून हळूहळू बोटं फिरवत होती. "बाबा, आज आईची बोटं हलल्यासारखी वाटली."

दादा स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले. "गेली ग ती," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच, सपाट. "केव्हाच गेली. मला कळलं होतं. तुला सांगायचं मी टाळत होतो."

तिने त्यांच्या छातीवर बुक्के मारले. त्यांनी मारू दिले. डॉक्टर दारात येऊन थांबले, तेव्हा दादांनी मानेनेच हो म्हटलं आणि लेकीचा हात उचलून आईच्या हातात दिला.

"नीट धर," ते म्हणाले. "गरम आहे तोवर धरून घे."