सेलिन नन व्हायला चालली नव्हती

मे महिन्यातला रविवार. मरोळ गावठाणातल्या आमच्या अंगणात आईने मसाल्याच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. पापा चर्चमधून आले ते बँडवाल्याशी बोलूनच. म्हणाले, "सेलिन जायच्या आदल्या दिवशी मांडव घालू. बँड पण सांगितलाय."

गोष्ट सत्तरच्या दशकातली. सेलिन माझी मोठी बहीण, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी. झाल्या झाल्या अंधेरीच्या एका औषध कंपनीत लॅबमधली नोकरी चालून आली होती. ती सोडून बाईसाहेब निघाल्या होत्या टांझानियाला, एका शाळेत दोन वर्षं सायन्स शिकवायला. राहणं, जेवण आणि हातखर्चाला थोडंफार... बस.

पापा चिडतील म्हणून आम्ही दोघी तयारीत होतो. पण शाळा चालवणाऱ्या संस्थेचं संमतीचं पत्र आलं, त्यावर त्यांनी लगेच सही केली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

त्याचं असं झालं... पत्र आलं होतं आमच्या चर्चच्या फादरच्या ओळखीतून. मुलगी बिनलग्नाची, पगार नाही, जायचं आफ्रिकेला. आमच्या कॅथलिक घरांत याचा एकच अर्थ निघतो. पापा कुणाला काही न विचारता धरून चालले की पोरगी नन व्हायला चालली.

आणि घरातली मुलगी नन होणार म्हणजे केवढा मान! बघता बघता गावभर झालं. नाक्यावरची जी पोरं सेलिनला बघून शिट्ट्या मारायची, ती शर्टाची बटणं लावून बाजूला व्हायला लागली. शेजारची म्हातारी तर 'माझ्या गुडघ्यांसाठी प्रार्थना कर' म्हणून सांगून गेली.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी आणि स्वतःला फार हुशार समजणारी. सेलिनला म्हटलं, "गप्प राहा गं. सही झालीय ना? तिकडे पोचलीस की लिही सगळं." संस्थेला वडिलांची संमती लागत होती, तिच्याशिवाय जाणंच नव्हतं. सेलिन 'बरं' म्हणाली, पण तेव्हापासून तिला जेवण जाईना.

तर त्या रविवारी बँडचं नाव निघालं आणि सेलिन उठून उभी राहिली. "पापा, मी नन व्हायला नाय जात. शाळेत शिकवायला जाते. दोन वर्षांनी परत येणार."

आईचा मिरच्यांवरचा हात थांबला. पापा तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "मग कशाला जातेस? शिकवायचंच हाय, तर इथं पोरं नाय काय? गोवंडीच्या झोपडपट्टीत नाय? तिथं कोण हाय तुझं?"

खरं सांगते, हाच प्रश्न मलाही पडला होता. मी इतक्या वेळा विचारूनही तिने मला कधी धड उत्तर दिलं नव्हतं.

"कोण नाय माझं तिथं," सेलिन म्हणाली. "इथं मी तुमची पोर, उद्या कोणाची तरी बायको. त्या शाळेनं मना मागितलंय ते मना सायन्स येतं म्हणून." ती एक पाऊल पुढे आली. "तुम्ही मना देवाला द्यायला तयार झालात. नवऱ्याला पण द्याल. मी माझ्या मनानं जाते बोलले तर का नाय?"

सेवा, त्याग... असला एकही शब्द तिने वापरला नाही. पापांनी फक्त हात पुढे केला. "ते पत्र आण."

तिने आणून दिलं. मला तिचा भयंकर राग आला. निघायला उरलेले चार आठवडे गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं? आता पत्र फाटणार आणि ही आयुष्यभर झुरणार, हे मी धरूनच चालले.

पण पापांनी ते फाडलं नाही. घडी घालून खिशात ठेवलं आणि पुढचे चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. बँडवाल्याला मात्र नको म्हणून सांगून आले. त्या दिवसांत घरात भांड्यांचा आवाजही आम्ही जपून करत होतो.

गुरुवारी सकाळी त्यांनी मला विहिरीपाशी बोलावलं. "बाय, वाच. एकेक ओळ, मराठीत." पापांना इंग्रजी येत नव्हतं. पहिल्यांदा सही केली होती ती विश्वासाने, न वाचता.

मी वाचत गेले. शाळेचं नाव, विषय, राहायची खोली... वर्षभर तिथे सायन्सला शिक्षकच नाही, असं एका ओळीत होतं. ती ओळ त्यांनी मला परत वाचायला लावली.

"माझ्या सहीच्या वर काय लिवलंय?"

"मी माझ्या मुलीला खुशीने पाठवत आहे."

पापांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "खुशीनं नाय. ते खोटं हाय, तेवढं खोड."

मी पेन आणलं आणि तो शब्द खोडला. "आणि बाकीचं?" मी हळूच विचारलं.

"बाकीचं ऱ्हाऊ दे. पाठवतो, ते खरं हाय."

सेलिन गेली. मांडव नव्हता की बँड नव्हता. संस्थेने खाडाखोड केलेलं पत्र तसंच ठेवून घेतलं.

आज ओळखीतली पोरं शिक्षण संपवून तुटपुंज्या पैशांवर परदेशात कुठेतरी काम करायला जातात, तेव्हा घरचे मला विचारतात, "हे असं का करतात गं?" मला आजही नीट सांगता येत नाही. पापांना तर ते शेवटपर्यंत पटलं नव्हतं... पण न पटताही पाठवता येतं, हे त्यांनी मला दाखवलं. त्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.