दहापैकी दहा गाडी

नसरुद्दीन, तू हे वाचणार नाहीस, मला ठाऊक आहे. मोबाईलवर कुणी दोन ओळींपेक्षा जास्त लिहिलं, की तू खाली एक अंगठा चिकटवतोस आणि मोकळा होतोस. तरी लिहिते. अल खोरला तुझ्या-माझ्या घरांमध्ये एकच भिंत आहे आणि ती पातळ आहे. गाडीवरून तुमच्याकडे जे झालं त्यातलं निम्मं मी भिंतीतून ऐकलं, उरलेलं हुस्नाने सांगितलं, आणि जे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं ते तू स्वतः येऊन ओकलास. तेव्हा मावशीने मनचं लिहिलंय असं म्हणू नकोस. मला तुझा राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. पण वाचणाऱ्यांना तू कोण ते माहीत नाही. म्हणून तुला जरा बाजूला बसवते आणि त्यांना सांगते.

नसरुद्दीन मुकादम खेड तालुक्यातल्या फुरूसचा. आयटीआय करून पंचविशीत कतारला आला, तो रास लफानच्या गॅस प्रकल्पात मापकं तपासण्याच्या कामाला लागला. दाबाचा काटा, तापमानाचा काटा खरं सांगतो की खोटं, हे पाहायचं आणि कागदावर सही करायची, एवढंच काम. पण त्या सहीवर पुढची माणसं जिवाची जोखीम घेतात. एकदा एका काट्यात किंचित फरक आला, म्हणून त्याने साहेबाच्या तोंडावर सही नाकारली. पाळी खोळंबली, साहेब तांबडालाल झाला. नसरुद्दीन म्हणाला, रीडिंग चुकीचं आहे, मी करत नाही, तुम्ही करा. साहेबानेही केली नाही. हा किस्सा प्रकल्पात अजून सांगतात.

सव्वीस वर्षं तो पहाटे कंपनीच्या बसने कामावर जात होता. खिडकीची जागा ठरलेली. शेजारून एखादी बसकी, दोन दरवाज्यांची गाडी सुसाट निघून गेली, की पेंगणारा हा माणूस टक्क जागा व्हायचा. नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायचा. बसमधले त्याला हसायचे. घरात जुनी, तिसऱ्या हातची सेदान होती, ती भाजी आणायला आणि विमानतळावर माणसं सोडायला. स्वतःसाठी म्हणून या माणसाने बावन्न वर्षांत मनगटावरच्या घड्याळाखेरीज काही घेतलं नव्हतं.

आणि मग गेल्या नोव्हेंबरात त्याने ती घेतली. कोरी, गडद निळी, इतकी बसकी की हुस्नाला आत शिरताना आधी बसावं लागे आणि मग पाय ओढून घ्यावे लागत. मुलगी इकरा बारावीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तिने मागच्या सीटमध्ये डोकावून विचारलं, "अब्बा, व्हेअर डू आय सिट?" तिथे पिशवी मावली असती, पोरगी नाही. हुस्ना म्हणाली, या वयात माणसं हजचा विचार करतात. नसरुद्दीन म्हणाला, हज तर करून आलो.

तो सुखात होता, हे कबूल करायलाच हवं. असा सुखी पुरुष मी या वसाहतीत दुसरा पाहिला नाही. शुक्रवारी नमाजाआधी तो स्वतः गाडी धुवायचा. फडकं वेगळं, बादली वेगळी. इंजिन सुरू केलं की गाडी हलायच्या आधी क्षणभर नुसता बसून राहायचा. बसमध्ये घालवलेली सगळी वर्षं त्या क्षणात वसूल होत होती.

पहिल्याच शुक्रवारी तो हुस्नाला घेऊन पार उत्तर टोकाच्या मदिनत अश शमालपर्यंत गेला. रस्ता सरळ, मोकळा. शंभराच्या पुढे काटा गेला आणि हुस्नाच्या कानाशी शीळ वाजू लागली. तिला वाटलं तोच वाजवतोय. वाजवत नव्हता. तिच्या बाजूची काच वरपर्यंत जात नव्हती. नखाएवढी फट राहत होती, तिच्यातून वारा शीळ घालत होता आणि बारीक धूळ आत येत होती. परत येईपर्यंत तिच्या काळ्या ओढणीचा एक खांदा पिवळट झाला होता. शिवाय उन्हात उभी केली की गाडीतल्या स्क्रीनचा पडदा काळा पडायचा आणि पाच मिनिटांनी आपोआप उजळायचा. पडद्याचं नसरुद्दीनने मनावर घेतलं नाही. काचेचं घेतलं. नव्या गाडीत फट म्हणजे काय?

सर्व्हिस सेंटरमध्ये समोर कोण, तर इम्रान. हाही फुरूसचाच, मुकादमांच्या मागल्या गल्लीतला, चाळिशीचा. दोन नोकऱ्या गेल्यावर ही तिसरी त्याला मिळाली होती, तीही गावच्या जमातीतल्या कुणीतरी शब्द टाकला म्हणून. बायको अफशां आणि दोन मुलं इथेच. दोह्यात फुरूसवाल्यांची जमात आहे. महिन्यातून एका शुक्रवारी सगळे जमतात, जेवतात. कुणाची नोकरी गेली, कुणाला गावी पाठवायचं, कुणाची मय्यत न्यायची, सगळं तिथे ठरतं. परक्या देशात हे मोठंच बळ आहे. आणि या माणसांचा गळाही तिथेच सापडतो.

इम्रानने गाडी ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत दिली. देताना हळूच म्हणाला, नसरूभाई, कंपनीकडून फोन येईल, किती समाधानी आहात म्हणून. सगळ्याला दहाच सांगा. नऊ म्हणजे आमच्याकडे नापास.

फोन चार दिवसांनी आला. नसरुद्दीन दारात उभा होता आणि हुस्ना ओल्या फडक्याने सीटवरची धूळ पुसत होती, कारण काच होती तिथेच होती. फोनवरची बाई विचारत होती, हा सांगत होता. कर्मचाऱ्यांची वागणूक? दहा. काम वेळेत झालं? दहा. तक्रार दूर झाली? इथे तो थांबला. हुस्नाने फडकं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, दहा.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "दहापैकी दहा? मग ही वाळू कुणाची, माझ्या माहेरची?"

तो म्हणाला, इम्रानचं पोट आहे त्याच्यावर.

ती म्हणाली, "माझा कान आहे याच्यावर."

मला विचाराल तर तिथेच हे प्रकरण संपायला हवं होतं. फोन परत लावायचा आणि सांगायचं, चुकून दहा म्हटलं, शून्य लिहा. पण नाही. गाडी दुसऱ्यांदा गेली. दुसऱ्यांदा शीळ घालत परत आली. दुसऱ्यांदा फोन आला आणि या शहाण्याने दुसऱ्यांदा दहा-दहा करून पाढा म्हटला. ज्या माणसाने काट्यातल्या एवढ्याशा फरकासाठी अख्खी पाळी थांबवली होती, त्याने!

तिसऱ्या खेपेला तो इम्रानला टाळून थेट मॅनेजरकडे गेला. मॅनेजर नम्र होता. असली माणसं नम्रच असतात. त्याने कॉम्प्युटरचा पडदा वळवून नसरुद्दीनला त्याचीच उत्तरं दाखवली: दोन वेळा, सगळी दहा, खाली 'पूर्ण समाधानी'. मग म्हणाला, सर, तुम्हीच सांगितलंय की तक्रार दूर झाली. आमच्याकडे ती बंद आहे. बसक्या गाड्यांना वाऱ्याचा थोडा आवाज असतोच.

नसरुद्दीनचं डोकं तापलं. त्याने आवाज चढवला नाही. तो चढवत नाही, त्याच्या मानेची शीर फुगते फक्त. "मोजपट्टी आणा," तो म्हणाला. "काच मोजा. मग मला सांगा किती समाधानी आहे ते."

मोजपट्टी कुणी आणली नाही. इम्रान दाराशी फाईल धरून उभा होता आणि जमिनीकडे बघत होता.

पार्किंगमध्ये नसरुद्दीनने त्याला गाठला. सगळा राग आता त्याच्यावर निघाला. गावचा म्हणून तुझ्यासाठी खोटं बोललो, एकदा नाही, दोनदा, आणि तू नुसती रबराला पावडर लावून गाडी माझ्या गळ्यात मारलीस? काच का नाही बदललीस?

इम्रानने ऐकून घेतलं. मग सांगितलं की काच ठीक आहे, तिची आतली पट्टी वाकडी आहे. ती मागवावी लागते आणि मॅनेजर मागवू देत नाही, कारण वॉरंटीत गेलेल्या प्रत्येक भागाचा खर्च त्याच्या शाखेच्या नावावर पडतो. म्हणून पावडर. त्याला स्वतःला दोन ताकिदी मिळाल्या होत्या, दोन्ही कमी गुणांवरून. तिसरी म्हणजे खलास.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दहा दिले असते?" इम्रान म्हणाला.

नसरुद्दीन गाडीत बसला. इंजिन सुरू केलं आणि त्या दिवशी क्षणभरही थांबला नाही.

घरी आल्यावर हुस्नाने विचारलं नाही, आणि न विचारल्याचाच त्याला जास्त राग आला. राग कुणाचा, हे त्याला धड ठरवता येईना. मॅनेजरचा तर होताच. त्या माणसाने ग्राहकाचा गळा ग्राहकाच्याच हाताने आवळायची सोय करून ठेवली होती. इम्रानचा होता. पण कामावर तो अजून कंपनीच्या बसनेच जायचा, आणि रात्रपाळीहून, दिवसपाळीहून, कुठूनही येताना बसच्या खिडकीत डोकं टेकलं, की त्याला पडद्यावरचे ते दहाचे आकडे दिसत आणि त्यांच्याखाली आपली सही असल्यासारखं वाटे. खोटं रीडिंग. आयुष्यातलं पहिलं, आणि तेही दोनदा.

आठवडा गेला आणि तो माझ्या दारात आला. "मावशी, तुमचं इंग्रजी कडक आहे. कंपनीच्या मुख्य ऑफिसला एक पत्र लिहून द्या."

मी दिलं. एक पान. पहिल्या परिच्छेदात काच, दुसऱ्यात दोन खोटे दहा आणि ते कुणी, कसे मागितले ते. त्याने वाचलं आणि म्हणाला, दुसरा परिच्छेद काढा. मी म्हटलं, तो काढला तर पहिल्याला अर्थ नाही. ते तुझे दहा दाखवतील आणि पत्र केराच्या टोपलीत जाईल. तो म्हणाला, इम्रानचं नाव तरी काढा. मी म्हटलं, मॅनेजरने पट्टी मागवू दिली नाही हेही त्यात आहे, चौकशी होऊ दे, कुणाची मान जायची ती जाईल. तो म्हणाला, मॅनेजरची मान जात नसते, मावशी.

हे त्याचं खरं होतं. तरी मी परिच्छेद काढला नाही. म्हटलं, अर्धं रीडिंग तू कधी दिलं आहेस का? त्याच्या मानेची शीर फुगली. पण पत्र त्याने घेतलं, सही केली, घडी घालून पाकिटात ठेवलं. ठरलं असं की रविवारी त्याची पाळीची सुट्टी आहे आणि ऑफिसं इथे रविवारी उघडी असतात, तेव्हा दोह्यातल्या मुशैरिबच्या मुख्य ऑफिसात स्वतः जाऊन द्यायचं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच आणायची. ईमेल नको, ती त्याच मॅनेजरकडे वळते.

मध्ये शुक्रवार आला, आणि तो नेमका जमातीचा. फुरूसवाले सगळे हजर. वाढायला इम्रान होता. त्याने नसरुद्दीनच्या ताटात मटणाचे चांगले तुकडे बघून बघून घातले. अफशां बायकांच्या बाजूने हुस्नाशी बोलत होती, मुलांच्या शाळेचं, नेहमीचंच. तिला काही माहीत नव्हतं. पंगतीतल्या इलियासचाचांनी मोठ्याने विचारलं, काय नसरू, नवी गाडी घेतलीस म्हणे, कशी काय? चारी बाजूंनी माना वळल्या. इम्रान हातात डाव घेऊन तिथेच उभा.

नसरुद्दीनने घास गिळला. "दहापैकी दहा," तो म्हणाला.

सगळे हसले, माशाल्ला म्हणाले. इम्रान पुढच्या ताटाकडे गेला. फोनवरच्या बाईला खोटं सांगणं निराळं. हे त्याने आपल्या माणसांत, जेवताना, स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. हुस्नाने बायकांच्या पडद्यापलीकडून ऐकलं आणि घरी येईपर्यंत तिच्या बाजूची काच फक्त वाजत राहिली.

रविवारी तो मुशैरिबला गेला. गाडी तळघरात लावली, वर गेला, टोकन घेतलं. त्याच्या पुढे चार जण होते. चारही झाले. त्याचा नंबर पडद्यावर लागला, तो उठला, काउंटरपर्यंत गेला आणि त्या मुलीला विचारलं, मेट्रो स्टेशनकडे जायला कुठून? तिने दाखवलं. तो शुक्रन म्हणाला आणि खाली येऊन गाडीत बसला.

मला सांगितलं, साहेब नव्हते. आठवड्याने म्हणाला, काम निघालं. पुढे नुसतंच इन्शाल्ला. काउंटरवर खरं काय झालं ते बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे येऊन ओकला. हुस्ना आता सेदानमध्ये बसते, नव्या गाडीत बसतच नाही. इम्रानची नोकरी टिकली. गाडी अजून शीळ घालते. एकटाच असतो तो, ऐकतो, आणि घरी येऊन चिडचिड करतो, चहावर, मिठावर, इकराच्या इंग्रजीवर.

नसरुद्दीन, पाकीट तुझ्या गाडीच्या कप्प्यात आहे, मी पाहिलंय. तारीख जुनी झाली. मी म्हटलं नवी घालून देते, आण ते. तू हो म्हणालास. त्यालाही आता दोन महिने झाले. तू आणलं नाहीस, आणि मी भिंतीपलीकडे येऊन मागितलं नाही.